वेब-प्रणालीची गाठ आणि तिच्यातील जोडभाग

(अकोला येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक प्रश्न आला असेल. संगणकप्रणालीची बांधणी कशी करावी, तिच्यात कोणते जोडभाग घालावेत, हे पाहणे प्रोग्रामरचे काम आहे. गावच्या सरपंचाला किंवा शाळेच्या मुख्याध्यापकाला त्याचे काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रथमच देणे योग्य होईल.

आपल्या राज्यात २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम अमलात आला आणि ठरावीक मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. २४ एप्रिल २०२० पासून पंचायतींच्या नियोजनाचे व हिशेबाचे काम ई-ग्रामस्वराज या प्रणालीवर होऊ लागले. सातबाराचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविम्याची नोंद, विद्यापीठाचा प्रबंध ही सर्व कामे आता वेब-प्रणालींतून होतात. अशी प्रणाली बंद पडली म्हणजे नागरिक प्रोग्रामरच्या दारात जात नाही. तो तलाठ्याच्या, ग्रामसेवकाच्या, शिक्षकाच्या दारात येतो, म्हणजेच आपल्या दारात येतो. म्हणून ही प्रणाली कशी बांधली जाते याची निदान तोंडओळख तरी आपणांस असणे आवश्यक आहे.

लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे

संगणकाच्या परिभाषेत लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे. पूर्वी कोणीतरी लिहून, तपासून ठेवलेला तयार प्रोग्रामचा भाग म्हणजे लायब्ररी. तारीख कशी छापावी, पासवर्ड कसा झाकावा, कागदपत्रातील मजकूर कसा काढावा, ही कामे प्रत्येक प्रोग्रामरने नव्याने लिहिणे हा श्रमाचा अपव्यय होय. तो तयार भाग घेतो व आपल्या प्रणालीला जोडतो. आजच्या कोणत्याही मध्यम आकाराच्या वेब-प्रणालीत लेखकाने स्वतः लिहिलेल्या मजकुरापेक्षा असा आणलेला मजकूरच पुष्कळदा अधिक असतो.

प्लगइन ही त्यातील एक विशेष जात आहे. तिला आपण जोडभाग म्हणू. ट्रॅक्टरचे उदाहरण घ्या. ट्रॅक्टरच्या मागची जोडणी ठरावीक मापाची असते. तिला नांगर लावा, वखर लावा की पेरणीयंत्र लावा, ट्रॅक्टरमध्ये काहीही बदल करावा लागत नाही. जोडणीचे माप पाळले की काम भागते. त्याचप्रमाणे मुख्य प्रणाली एक ठरावीक जोडणी उघडी ठेवते आणि त्या मापाचा जोडभाग ठरलेल्या जागी आढळला की त्याला कामाला लावते. मात्र, तो जोडभाग त्या जागी असला पाहिजे. वखर घरीच विसरून ट्रॅक्टर शेतात नेला, तर ट्रॅक्टर चालतो, डिझेल जळते, परंतु वखरणी होत नाही. या वाक्याकडे आपणांस पुढे पुन्हा यावयाचे आहे.

घरचेच एक उदाहरण

या विषयाचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये केलेल्या विनियमांमुळे पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय स्वरूपात सादर करण्याची प्रथा सुरू झाली आणि ते सर्वांना वाचता यावेत म्हणून गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राने ‘शोधगंगा’ हे भांडार उभे केले. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाचे, म्हणजे आजच्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचे, प्रबंध त्यात आहेत. कृषी विद्यापीठांसाठी ‘कृषिकोश’ हे याच जातीचे दुसरे भांडार आहे आणि १९६९ साली अकोल्यात स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या संशोधनालाही त्यात स्थान मिळाले आहे.

शोधगंगा ज्या प्रणालीवर उभी आहे तिचे नाव डीस्पेस. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेची ग्रंथालये आणि ह्यूलेट-पॅकार्ड कंपनी यांनी मिळून ती २००२ मध्ये सर्वांसाठी खुली केली. तिचा मूळ मजकूर कोणालाही पाहता येतो, बदलता येतो. तिला मूल्य द्यावे लागत नाही. यामुळे जगातील शेकडो विद्यापीठांनी व लहानसहान महाविद्यालयांनीही ती स्वीकारली. ही प्रणाली कशी बांधली जाते ते पाहिले की आपला विषय पुरता ध्यानी येईल.

गाठ कशी बांधतात

वऱ्हाडातील माणसाला कापसाची गाठ समजावून सांगण्याची गरज नाही. शेतातून आलेला कापूस जिनमध्ये जातो, तेथे रुई आणि सरकी वेगळी होते, आणि प्रेसमध्ये रुई दाबून तिची गाठ बांधली जाते. गाठ बांधण्याचा हेतू असा की, माल एकत्र राहावा, ठरावीक मापाचा असावा आणि कोठेही नेता यावा.

जावा भाषेत लिहिलेल्या वेब-प्रणालीचे नेमके असेच आहे. प्रत्येक लायब्ररी ‘जार’ नावाच्या एका फाइलमध्ये बांधलेली असते. मुख्य प्रणालीची पाने, तिचा स्वतःचा मजकूर आणि तिला लागणाऱ्या सर्व जार फाइली एकत्र करून ‘वॉर’ नावाची मोठी फाइल तयार करतात. ही झाली आपली गाठ. तिच्या आत ‘वेब-इन्फ’ नावाचा कप्पा असतो व त्याच्या आत ‘लिब’ नावाचा उपकप्पा असतो. सर्व लायब्रऱ्या या उपकप्प्यात ठेवावयाच्या असतात. ही गाठ टॉमकॅटसारख्या सर्व्हरवर नेऊन ठेवली की तो ती उलगडतो आणि प्रणाली सुरू होते.

२००९ च्या अखेरीस या पद्धतीचे जे नवे मानक ठरले, त्याने जोडभागांची मोठी सोय केली. जोडभागाला स्वतःची पाने, स्वतःची चित्रे आणि स्वतःची नोंद आपल्या जारमध्येच बरोबर आणता येऊ लागली. मुख्य प्रणालीच्या नोंदपत्रात हात घालण्याची गरज उरली नाही. अट एवढीच की, ती जार त्या गाठीच्या लिब कप्प्यातच असली पाहिजे. सर्व्हरच्या सामाईक कप्प्यात ती ठेवली तर तिच्यातील ही नोंद वाचली जाईलच असा भरवसा धरता येत नाही.

बांधणीची साधने

एका गाठीत शंभर-दीडशे जार फाइली असतील, तर त्या हाताने गोळा करणे अशक्यप्राय होय. म्हणून बांधणीची स्वयंचलित साधने निर्माण झाली. या घराण्यातील वडीलधारे साधन म्हणजे ‘मेक’. बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ मध्ये लिहिले. जे बदलले असेल तेवढेच पुन्हा बांधावे, हे त्यामागील साधे तत्त्व. जावासाठी २००० साली ‘अँट’ आले. त्यात प्रत्येक पायरी आपण लिहून द्यावयाची असते. २००४ मध्ये ‘मेवन’ची पहिली पक्की आवृत्ती निघाली आणि तिने दृष्टीच बदलली. पायऱ्या लिहू नका, काय हवे ते लिहा, असे ते सांगते. एका पत्रकात लायब्ररीचे नाव व आवृत्तीचा क्रमांक लिहिला की मेवन ती मध्यवर्ती कोठारातून आणते. एवढेच नव्हे, तर त्या लायब्ररीला आणखी ज्या लायब्रऱ्या लागतात त्याही आणते. पुढे ‘ग्रेडल’ आले व मोबाइलवरील अँड्रॉइड प्रणालींच्या बांधणीत त्याने जम बसविला.

डीस्पेसमध्ये मेवन व अँट या दोघांचेही काम पडते. मेवन गाठ बांधते आणि अँट ती सर्व्हरवरील ठरावीक जागी मांडते. शिवाय स्थानिक संस्थेला करावयाच्या फेरफारांसाठी एक वेगळा विभाग राखून ठेवलेला आहे. मूळ मजकुराला हात न लावता आपले बदल या विभागात ठेवावेत, म्हणजे बांधणीच्या वेळी मेवन ते मूळ मजकुरावर आच्छादनासारखे पसरते. उद्या मूळ प्रणालीची नवी आवृत्ती आली तरी आपले बदल आपल्यापाशी सुरक्षित राहतात.

एक चूक आणि तिची किंमत

आता मी माझ्या हातून घडलेली एक चूक आपणांपुढे ठेवतो. संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण दोष माझा होता.

काही वर्षांपूर्वी वऱ्हाडातील एका संस्थेच्या लहानशा प्रबंध-भांडाराचे काम मी पाहिले. त्यात मराठी शोधाची एक अडचण होती. आपल्या प्रदेशाचे नावच घ्या. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा ऱ संगणकात तीन प्रकारे नोंदविलेला आढळतो. कोणी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतो, कोणी र खाली नुक्ता देतो, तर कोणी र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरतो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या दृष्टीने मात्र ते तीन वेगवेगळे शब्द आहेत. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दाचीही तीच गत. एका पद्धतीने शोधले तर दुसऱ्या पद्धतीने टंकलिखित झालेला प्रबंध सापडत नाही.

यावर उपाय होता. डीस्पेसच्या पोटातील सोलर या शोधयंत्रासाठी युनिकोड अक्षरांची रूपे एकसारखी करणारा एक जोडभाग तयार मिळतो. पहिली दोन रूपे तो एक करतो. तिसऱ्या रूपासाठी बदलाची एक ओळ आपण लिहून द्यावी लागते. मी तो जोडभाग आणला, चालू सर्व्हरवर हाताने नेऊन ठेवला, शोधयंत्राच्या नोंदपत्रात तेथल्या तेथेच बदल केला व सूची पुन्हा तयार केली. ‘वऱ्हाड’ कसाही लिहा, तो सापडू लागला. सर्वांना आनंद झाला आणि मी निश्चिंत झालो.

दोन वर्षांनी एका तरुण सहकाऱ्याने प्रणालीची नवी आवृत्ती बसविली. त्याने सर्व काही नियमाप्रमाणे केले. मेवनने नवी गाठ बांधली, अँटने ती मांडली. परंतु मी हाताने ठेवलेला जोडभाग बांधणीच्या पत्रकात कोठेच नव्हता, त्यामुळे तो गाठीत आला नाही. नोंदपत्रही मूळचे कोरे येऊन बसले. नोंदपत्रात जोडभागाचे नाव राहिले असते, तर शोधयंत्राने तो सापडत नाही म्हणून तक्रार केली असती आणि चूक त्याच दिवशी उघड झाली असती. दोन्ही एकदमच गेल्यामुळे कोठलीही तक्रार आली नाही. ट्रॅक्टर चालत राहिला, वखर मात्र घरीच राहिले.

त्यानंतर कित्येक महिन्यांनी कापूस उत्पादकांच्या कर्जबाजारीपणावर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने त्या भांडारात शोध घेतला. तिला काहीच मिळाले नाही. या विषयावर या संस्थेत मराठीतून पूर्वी काम झालेले नाही, असे तिने आपल्या आराखड्यात लिहिले. तिच्या मार्गदर्शकांना मात्र एक जुना प्रबंध अंधूक आठवत होता. कपाटातील बांधीव प्रत निघाली, मग भांडारातही तो प्रबंध निघाला. तो तेथेच होता, केवळ सापडत नव्हता. तिचे जवळजवळ सहा महिन्यांचे काम नव्याने मांडावे लागले. तिने मला एकही कटू शब्द ऐकविला नाही. “सर, यंत्राने नाही म्हटले, म्हणून मी नाही लिहिले,” एवढेच ती म्हणाली. ते वाक्य माझ्या मनातून अद्याप गेलेले नाही.

त्यानंतर आम्ही तो जोडभाग व बदललेले नोंदपत्र आच्छादनाच्या विभागात आणून बांधणीच्या पत्रकात नोंदविले. त्याबरोबर एक लहानशी चाचणीही घातली. ‘वऱ्हाड’ हा शब्द तिन्ही प्रकारे द्यावयाचा आणि तिघांचे रूप एकच होते की नाही ते पाहावयाचे. मेवनच्या क्रमात चाचणी आधी व गाठ नंतर येते. चाचणी फसली तर गाठच बांधली जात नाही. जो नियम माणसाच्या स्मरणावर सोडलेला असतो तो केव्हातरी मोडतो. बांधणीच्या पत्रकात लिहिलेला नियम प्रत्येक वेळी पाळला जातो.

आणखी तीन खाचखळगे

बांधणीतील इतर चुका थोडक्यात सांगतो. पहिली चूक आवृत्तींच्या संघर्षाची. दोन जोडभागांना एकच लायब्ररी लागते, परंतु एकाला जुनी आवृत्ती लागते व दुसऱ्याला नवी. अशा वेळी मेवन आपल्या पत्रकाला नात्याने जी जवळची असेल ती आवृत्ती घेते, तर ग्रेडल सामान्यतः सर्वांत नवी घेते. पत्रकातील मजकूर एकच असूनही साधन बदलले की गाठीतील माल बदलू शकतो. दुसरी चूक अनेक जार फाइली फोडून त्यांची एकच मोठी जार करताना होते. प्रत्येक जोडभाग आपले नाव एका ठरावीक नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. दोन जोडभागांच्या या फाइली एकाच नावाच्या असल्या, तर एक दुसरीला पुसून टाकते आणि एक जोडभाग मुकाट्याने नाहीसा होतो. या फाइली एकमेकींत मिसळण्याची सूचना साधनाला स्पष्टपणे द्यावी लागते. तिसरी चूक नको तो माल भरण्याची. काही लायब्रऱ्या सर्व्हरपाशी आधीच असतात. त्या गाठीत पुन्हा भरल्या तर दोन प्रतींत तंटा उभा राहतो. त्यांच्यापुढे ‘सर्व्हर पुरवील’ अशा अर्थाची खूण करावी लागते.

गाठीवरील खूण

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळतो. १९२५ साली कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांविषयीचा जो कायदा झाला, त्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची ठरलेली खूण आणि अनुक्रमांक घालणे मालकावर बंधनकारक केले. हेतू उघड होता. दूरच्या गिरणीत गाठ फोडली आणि आत भेसळ किंवा ओलावा निघाला, तर ती कोणत्या प्रेसमध्ये, केव्हा बांधली गेली याचा माग लागावा.

संगणकीय गाठींना अशा खुणेची गरज का आहे, हे डिसेंबर २०२१ मध्ये साऱ्या जगाला कळून आले. लॉगफोरजे ही घडामोडींची नोंद ठेवणारी अगदी सामान्य लायब्ररी. तिच्यात असा दोष निघाला की, एक विशिष्ट मजकूर नोंदीत शिरला तर परक्या माणसाला सर्व्हरचा ताबा घेता यावा. सोलरच्याही काही आवृत्त्यांत ती होती. दोष दूर करणारी आवृत्ती लगेच निघाली. खरी अडचण निराळीच होती. ही लायब्ररी आपल्या प्रणालीत आहे की नाही, याचे उत्तर हजारो कार्यालयांपाशी नव्हते. गाठीच्या आत गाठ, तिच्या आत आणखी गाठ, आणि यादी कोणाजवळच नाही. ज्यांच्याकडे बांधणीचे पत्रक होते त्यांनी साधनाकडून लायब्रऱ्यांची वंशावळ काही मिनिटांत काढली, एक क्रमांक बदलला आणि गाठ पुन्हा बांधली. ज्यांच्याकडे केवळ तयार गाठ होती त्यांना प्रत्येक सर्व्हर उकरून पाहावा लागला.

मार्च २०२४ मधील प्रसंग याहून बोधप्रद आहे. एक्सझेड नावाच्या फाइल दाबण्याच्या साधनाच्या दोन आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा घातला होता. सर्वांना पाहता येणाऱ्या मूळ मजकुरात तो कार्यान्वित करणारा भाग नव्हताच. वितरणासाठी बांधलेल्या गाठीतील बांधणीच्या सूचनांत तो लपविलेला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉग-इन होण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले, त्याने पाठपुरावा केला आणि पुढील अनर्थ टळला. शेतात कापूस स्वच्छ असला तरी प्रेसमध्ये भेसळ होऊ शकते, हाच याचा अर्थ. म्हणून मूळ मजकूर तपासणे पुरेसे नाही. त्या मजकुरापासून तीच गाठ दुसऱ्या कोणालाही पुन्हा बांधता आली पाहिजे.

गाठीतील सर्व घटकांची नाव-आवृत्तीसह यादी ठेवावी, यासाठी भारत सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. मेवन व ग्रेडल यांच्यासाठी अशी यादी तयार करणारे जोडभाग उपलब्ध आहेत. बांधणीबरोबरच यादी आपोआप निघते व खर्च जवळजवळ काहीच येत नाही.

आपण काय करावे

अधिकारी मित्रांना माझी विनंती अशी की, प्रणाली विकत घेताना किंवा करवून घेताना केवळ चालू असलेले संकेतस्थळ ताब्यात घेऊ नका. मूळ मजकूर, बांधणीचे पत्रक आणि घटकांची यादी या तीन वस्तू करारात लिहून घ्या. देयक मंजूर करण्यापूर्वी एका कोऱ्या संगणकावर, आपल्यासमोर, गाठ नव्याने बांधून दाखविण्यास सांगा. ज्याला ती बांधता येत नाही, त्याने आपल्या हाती घर दिले पण किल्ली स्वतःजवळ ठेवली, असे समजावे.

अमरावती आणि अकोला येथील अभियांत्रिकी व संगणक महाविद्यालयांतील शिक्षकांना सांगावेसे वाटते की, विद्यार्थ्याचा प्रकल्प केवळ त्याच्या यंत्रावर चालतो म्हणून गुण देऊ नका. दुसऱ्या विद्यार्थ्याने पत्रकावरून तो बांधून दाखवावा, अशी अट ठेवा. मराठी शोध, मराठी अक्षररूपे, मराठी तारखा यांसाठी लहान जोडभाग लिहिणे हा उत्तम प्रकल्प आहे. हे काम आपल्यासाठी बाहेरचे कोणी येऊन करील, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

पंचायत सदस्यांनी तांत्रिक तपशिलात शिरण्याचे कारण नाही. त्यांनी तीन साधे प्रश्न विचारावेत. या प्रणालीत काय काय भरले आहे त्याची यादी कोठे आहे? ती बांधणारा माणूस बदलला तर दुसऱ्याला ती बांधता येईल काय? आणि आपल्या गावाचे, आपल्या माणसांचे नाव मराठीत कसेही लिहिले तरी ते सापडते काय? उत्तर टाळले गेले, तर ते कार्यवृत्तात नोंदवावे.

मित्रहो, कापसाची गाठ पाहून आपले वाडवडील खूण आधी वाचत आणि मग भाव बोलत. तीच सवय या नव्या गाठींनाही लावू या. त्या विद्यार्थिनीला यंत्राने चुकीचे ‘नाही’ सांगितले. तसे चुकीचे ‘नाही’ एखाद्या शेतकऱ्याला त्याच्या विम्याबाबत किंवा एखाद्या आईला तिच्या मुलाच्या दाखल्याबाबत ऐकावे लागू नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे.